दोन पेढ्यांचं चालणं: चरबी घटवणारा व्यायाम मध्येच का सुटतो

2025 च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि स्वयंपाकातलं तेल 10 टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. मार्चमध्ये वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं. तेव्हापासून साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या टपरीवर काय किंवा लग्नाच्या पंगतीत काय, वजनाची गोष्ट निघाली की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, “रोज चाललं की उतरतं.” दुसरं, “सगळं मनावर असतं हो.” पहिल्या वाक्यात गणित कच्चं आहे आणि दुसऱ्यात माणसाची ओळख. आधी गणित बघू, मग माणूस.

चरबी म्हणजे पेव

सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली असत. माल आत उतरवायचा, तोंड बंद करायचं, गरज पडेल तेव्हाच उघडायचं. अंगातल्या चरबीचं तसंच आहे. खाण्यातून आलेली ऊर्जा त्या दिवसाच्या खर्चाला पुरून उरली की उरलेली पेवात जाते. कमी पडली की पेव उघडतं. ही ऊर्जा कॅलरीत मोजतात. पाकिटावर ‘किलोकॅलरी’ असं छापलेलं असतं, बोलताना आपण त्यालाच कॅलरी म्हणतो, इथेही तेच धरू. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात.

आता खर्चाची बाजू. समजा, साताऱ्याच्या करंजे भागात राहणारा 45 वर्षांचा एक बँक कर्मचारी आहे. उंची 168 सेंटिमीटर, वजन 78 किलो, काम खुर्चीतलं. त्याचा दिवसाचा खर्च 2,100 कॅलरींच्या आसपास निघेल. त्यातल्या 1,600 नुसतं जिवंत राहायला लागतात. काळीज, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं रात्री झोपेतही चालूच असतात, त्यांचं हे भाडं. दहाएक टक्के खर्च खाल्लेलं पचवण्यात जातो. हालचालीच्या वाट्याला उरतात जेमतेम 300. म्हणजे ज्या खात्यातून आपण वजन उतरवायला निघतो, ते खातं मुळातच लहान आहे.

चरबी जाते तरी कुठं? “घाम गाळला की वितळते” हे उत्तर सर्रास मिळतं आणि ते चूक आहे. 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी याचा रासायनिक हिशेब मांडला. 10 किलो चरबी पूर्ण जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. घाम म्हणजे इंजिन गार ठेवायचं पाणी. रेक्झिनचा पट्टा पोटाला बांधून चालल्यावर काटा अर्धा किलो खाली दिसतो, तो तांब्याभर पाणी प्यायलं की परत वर येतो. आणि हो, नुसता जोरजोरात श्वास सोडूनही चरबी जात नाही. आधी ती जळावी लागते, मग श्वास तिला बाहेर नेतो.

अजिंक्यताऱ्याचा चढ, कागदावर

पायथ्यापासून साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ सुमारे 300 मीटरचा. 78 किलोचं शरीर 300 मीटर वर न्यायला शाळेतल्या भौतिकशास्त्रानं 55 कॅलरींचं काम पडतं. पण आपले स्नायू फार काटकसरी नाहीत. चार रुपये खर्च करतात तेव्हा रुपयाचं काम होतं, उरलेल्या तीन रुपयांची उष्णता होते. म्हणजे खरा खर्च 220 कॅलरींच्या आसपास. (गाडी थेट वर नेऊन वरच फेऱ्या मारणाऱ्यांनी हा आकडा धरू नये.) सपाटीवर 5 किलोमीटर भराभर चाललं तर याच माणसाचे बसून राहण्यापेक्षा 200 कॅलरी जास्त जातात.

खाली उतरल्यावर राजवाड्याजवळ कंदी पेढे मिळतात. 25 ग्रॅमचा एक पेढा धरला तर खवा आणि साखर मिळून त्यात 100 च्या आसपास कॅलरी. दोन पेढे तोंडात टाकायला मिनिट लागत नाही, ते फेडायला तासाभराचं चालणं. वडापावचा हिशेब 300 च्या घरात जातो. रोज 5 किलोमीटर चाललं, खाण्यात काहीही बदललं नाही आणि शरीरानंही कसली चलाखी केली नाही, तरी एक किलो चरबीला 38 दिवस लागतात.

आणि शरीर चलाखी करतंच. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि 2012 मध्ये छापला. दिवसभर पायपीट करणाऱ्या हाडझांचा एकूण खर्च, शरीराचा आकार जमेस धरला तर, शहरात बसून काम करणाऱ्यांइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर इतर खाती आखडतं. शिवाय आपणही नकळत आखडतो. सकाळी तासभर चालून आलेला माणूस दुपारी पाण्याचा ग्लास मुलाला आणायला सांगतो, लिफ्ट पकडतो, आणि “आज झालंय की चालणं” म्हणून रात्री एक पोळी जास्त घेतो. कुस्तीच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की पहिलवानाचं काय होतं, हे प्रत्येक गावानं पाहिलेलं आहे.

मग व्यायाम कशाला करायचा?

वजन उतरवण्याचं मोठं काम स्वयंपाकघरात होतं. व्यायामाचं काम वेगळं आहे आणि त्याला पर्याय नाही.

पहिलं काम स्नायू वाचवण्याचं. नुसतं खाणं कमी करून उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतोच, त्यात स्नायू मोठ्या प्रमाणात असतात. इंजेक्शननं झपाट्यानं उतरणाऱ्यांनाही हाच धोका आहे. स्नायूंना जोर लावायला लागला की शरीर त्यांना ‘कामाचा माणूस’ समजून ठेवून घेतं आणि पेवाकडे वळतं. जिममध्ये मात्र एक थाप सर्रास मारली जाते की स्नायू वाढले की झोपेतही ढिगानं कॅलरी जळतात. एक किलो स्नायू दिवसाला फक्त 13 कॅलरी खातो. स्नायू हवेत ते रक्तातली साखर ओढून घ्यायला, म्हातारपणी जमिनीवरून हात न टेकता उठायला, जिना चढायला.

दुसरं काम उतरलेलं वजन परत येऊ न देण्याचं. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालते. किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर परत न चढू दिलेल्या लोकांची ती नोंद. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात आणि त्यात चालण्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे. उतरवताना व्यायाम मदतनीस असतो. टिकवताना तो मालक होतो.

तिसरं काम पोटातली चरबी घटवण्याचं, आणि ते आपल्याला जरा जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपला भारतीय बांधा. म्हणून आपल्याकडे कमरेचं माप काट्यापेक्षा जास्त बोलतं. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषाला 90 आणि बाईला 80 सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी काटा फारसा न हलताही व्यायामानं कमी होते.

“सगळं मनावर असतं”

आता माणूस. 1943 साली अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या गरजांची पाच गटांत मांडणी केली. भूक-झोप अशा शरीराच्या गरजा, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान, आणि शेवटी आपल्यात जे आहे ते फुलवणं. पुस्तकांत ती पिरॅमिडच्या चित्रात दिसते. ते चित्र मॅस्लोचं नाही, मागाहून इतरांनी काढलेलं आहे. गरजा अशा पायरी-पायरीनंच येतात हेही संशोधनात तंतोतंत टिकलेलं नाही, वारीत माणसं भूक-झोप बाजूला ठेवून चालतात ते आपण बघतोच. पण एक मुद्दा टिकला आहे: भागली नाही तर गरज गप्प बसत नाही, ती योजना उधळून लावते.

भुकेचंच बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अँसेल कीज यांनी मिनेसोटात 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनं 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज सुमारे 1,600 कॅलरी आणि आठवड्याला 35 किलोमीटर चालणं. म्हणजे आजकाल ‘डाएट प्लॅन’ म्हणून जे विकलं जातं, जवळपास तेच. निवडून घेतलेली, मनानं खंबीर माणसं ती. तरी काही आठवड्यांत पाककृतींची पुस्तकं चाळू लागली, ताटल्या चाटू लागली, दिवसभर खाण्याचंच बोलू लागली. मन कमकुवत नव्हतं, शरीर धोक्याची घंटा वाजवत होतं. नवी इंजेक्शनं काम करतात तीही इथेच. ती निर्धार वाढवत नाहीत, भुकेचा आवाज कमी करतात. आवाज परत सुरू झाला की वजनही परत येतं. वेगोव्हीतलं औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे.

झोप ही दुसरी. 2010 मध्ये छापलेला एक छोटा प्रयोग आहे, दहाच माणसांचा, पण बारकाईनं केलेला. तीच माणसं, तेवढंच कमी जेवण, 14 दिवस. एकदा रात्री साडेआठ तास अंथरूण, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच, सुमारे तीन किलो उतरलं. पण भरपूर झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, कमी झोपेत फक्त 0.6. बाकीचं स्नायूंच्या खात्यातून गेलं. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पाचला चालायला, असा बेत करणाऱ्यानं हे दोन आकडे उशीजवळ चिकटवावेत. एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यानं तर सकाळी घरी येऊन आधी झोपावं, संध्याकाळी चालावं.

सुरक्षितता ही गरज पुरुषांना बहुतेक वेळा दिसतच नाही. पहाटे साडेपाचला रस्त्यावर अंधार, चौकात कुत्र्यांची टोळी, किल्ल्याच्या बाजूला बिबट्या दिसल्याची अधूनमधून बातमी. बाई घरीच थांबली तर “हिला कंटाळा” असं म्हणून मोकळं होतात. तिला कंटाळा नाही, तिनं धोका मोजलाय. उपाय निर्धाराचा नाही, वेळेचा आणि सोबतीचा आहे: उजाडल्यावर, दोघी-तिघी मिळून, वर्दळीच्या रस्त्यानं किंवा क्रीडा संकुलाच्या मैदानात.

तालमीला जे कळलं होतं

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे गरजांचं हे प्रकरण आणखी आटोपशीर केलं. एखादी गोष्ट माणूस आपणहून, वर्षानुवर्षं करत राहतो तेव्हा तीन गरजा भागत असतात. हे मी ठरवलंय, असं वाटणं. हे मला जमतंय, असं वाटणं. आणि इथे माझी माणसं आहेत, असं वाटणं. स्वायत्तता, क्षमता, आपलेपणा. तीनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

हे समजायला रॉचेस्टरला जावं लागत नाही, कुठल्याही जुन्या तालमीत जाऊन उभं राहिलं तरी चालतं. तिथं एकट्यानं जोर मारणारा क्वचित. शेजारी जोडीदार असतो, आला नाही तर घरी निरोप जातो. वस्ताद पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नाही. आज पंचवीस, आठवड्यानं तीस, असं अंग बघून वाढवतो, त्यामुळं पोराला रोज ‘जमलं’ असं वाटतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकापर्यंत गेले, ते याच मुलखाच्या मातीतून.

आता याच्या शेजारी आपला जानेवारीचा बेत ठेवून बघा. डॉक्टर रागावले म्हणून सुरू, म्हणजे ठरवलं दुसऱ्यानं. पहिल्याच रविवारी यवतेश्वरचा घाट, म्हणजे मंगळवारी पोटऱ्या धरलेल्या आणि ‘आपल्याच्यानं होत नाही’ ही खात्री पटलेली. कानात हेडफोन, सोबत कोणी नाही. तिन्ही गरजा उपाशी. फेब्रुवारीत हा बेत मोडला तर नवल कसलं? नवल टिकला तर.

सोसायटीत ‘महिन्यात पाच किलो घटवा, बक्षीस मिळवा’ अशा स्पर्धा निघतात, त्यांचंही बक्षिसाशी असलेलं नातं तपासावं. डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे मिळाले, त्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत कोड्यांना हात लावणं कमी केलं. बक्षीस संपलं की कारणच संपतं. त्यापेक्षा हजेरीचा फळा बरा.

टपरीवरचा चहा बंद करू नका

सकाळी चालणाऱ्या गटाचा शेवट टपरीवर होतो. सल्ला देणारे पहिला घाव तिथंच घालतात: चहा बंद, थांबणं बंद. हा सल्ला महागात पडतो. निम्मी माणसं चालायला येतात ती त्या वीस मिनिटांच्या गप्पांसाठीच. टपरी म्हणजे तिसरी गरज. ती काढून टाकली की दोन आठवड्यांत चालणंही बंद पडतं. टपरी ठेवायची, ताट बदलायचं. साखरेचा एक चमचा म्हणजे 20 कॅलरी. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, तर 160. ते निम्म्यावर आणले तर रोजच्या 80 वाचल्या आणि माणसंही राहिली. सोबतची भजी-मिसळ मात्र आठवड्यातून एकदा, वार ठरवून.

घरातही हाच नियम. आग्रह नाकारणं आपल्याकडे अन्न नाकारण्यापेक्षा माणूस नाकारण्यासारखं वाटतं. मावशीनं वाढलेला लाडू परत करण्यापेक्षा अर्धा घ्यावा आणि भात कमी करावा. खरी बचत कोणाला न दिसणाऱ्या जागी असते. चार माणसांच्या घरात महिन्याला 4 लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज 30 ग्रॅम, म्हणजे 270 कॅलरी पोटात जातात. तेच 3 लिटरवर आलं तर माणशी रोज 65-70 कॅलरी कमी होतात आणि भाजीच्या चवीत फरक कळतही नाही, फक्त फोडणीला बुधली न उलटता चमचा वापरावा लागतो. उपवासाचा मात्र भरवसा धरू नका, शेंगदाण्याचं कूट आणि तुपातली साबुदाण्याची खिचडी बशीभर खाल्ली तरी 400 कॅलरी होतात.

बँकेतल्या आपल्या माणसानं चालण्यातून 200 आणि खाण्यातून 250 अशी रोज 450 ची तूट काढली तर कागदावर आठवड्याला 400 ग्रॅम चरबी जाते. प्रत्यक्षात 300 धरावी. कमी वाटेल, पण तीन महिन्यांत साडेतीन-चार किलो होतात, म्हणजे त्याच्या वजनाच्या पाच टक्के. एवढ्यानंही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतो. जेवण कमी करताना डाळ-उसळ कमी करायची नाही. स्नायू राखायला वजनाच्या किलोमागे 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे त्याला दिवसाला 90-95. अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8, 50 ग्रॅम कोरड्या अख्ख्या मसुरात 12. आपल्या भागात अख्खा मसूर आवडीचा आहेच, फक्त वरचा तेलाचा तवंग सोडा.

चालणं किती, जोर किती

जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मध्यम म्हणजे काय हे घड्याळाशिवाय ओळखता येतं: चालताना बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. पावलं मोजलीत तर मिनिटाला शंभर. पहिले दोन आठवडे सपाटीवर 20 मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. चढ पाचव्या आठवड्यापासून. किल्ला चढताना दम लागतो, पण गुडघ्याला त्रास उतरताना होतो, म्हणून उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले आणि उड्या नाहीत. रोज 10,000 पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. 7,000 झाली तरी दिवस वाया गेला नाही.

ताकदीच्या व्यायामाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून तो जरा सविस्तर. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटं.

खुर्चीवरची उठबस सगळ्यांत आधी. हात नसलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे सरकत नाही. पाय खांद्याइतके फाकलेले, हात छातीवर घडी. बसताना मनात एक-दोन-तीन मोजत खाली जायचं, बूड टेकलं की लगेच उठायचं. दहा वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा दहा, असे तीन फेरे. दोन चुका नेहमीच्या. एक म्हणजे शेवटच्या वितीत धप्पकन अंग टाकणं, कारण खरं काम तिथंच होतं. दुसरी म्हणजे उठताना गुडघे आत वळणं, ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवेत. दहा जमत नसतील तर गोधडीची घडी घालून बैठक उंच करा. सोपं वाटलं तर पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या घाला.

मग दंड, पण जमिनीवर नाही. हातभर लांब उभं राहून भिंतीवर. ते पंधरा नीट आले की स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. कंबर खाली झुकली की तो दंड मोजायचा नाही. तिसरा ओढण्याचा. पिशवीत पाच किलो गहू घ्या, एक हात खुर्चीवर टेकून कमरेतून वाका, पाठ सपाट ठेवा आणि पिशवी कमरेपर्यंत ओढा, एकेका हातानं बारा वेळा. सूर्यनमस्कारात सगळं येतं, हे ओढणं तेवढं येत नाही. चौथा उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलण्याचा. या सगळ्या व्यायामांत जोर लावताना श्वास सोडायचा. दम कोंडून धरला की रक्तदाब एकदम उसळतो.

तिन्ही फेऱ्यांत पंधरा-पंधरा स्वच्छ आले की वजन किंवा कोन बदलायचा, तोवर नाही. हाच तो वस्तादाचा नियम. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, वजन उतरलं की त्यांचा डोस बदलावा लागतो. चालताना छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा.

हमखास येणारे आक्षेप

“पोटाचा व्यायाम सांगा, बाकी ठीक आहे.” पोटाच्या व्यायामानं पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी तशीच राहते. पेव कुठलं आधी उघडायचं हे शरीर ठरवतं.

“आमची आजी कुठं जिमला गेली होती?” गेली नव्हती. विहिरीचं पाणी, जातं, शेत, बाजाराला पायी. व्यायाम न म्हणता होणारी ही हालचाल फार मोठी असते. 1999 मध्ये जेम्स लेव्हाइन यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज 1,000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कोणाची चरबी पाव-अर्धा किलोच वाढली, कोणाची चार किलोंच्या वर. फरक मुख्यतः न कळत होणाऱ्या उठबशीचा, चुळबुळीचा होता. फोनवर बोलताना फेऱ्या मारणं, दुसऱ्या मजल्याला लिफ्ट न घेणं हे म्हणूनच फालतू नाही.

“वेळच नाही.” सलग तास नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. पण घरातल्या बाईचा प्रश्न वेगळा असतो. तिची वेळ म्हणजे सगळ्यांची कामं उरकून उरलेली वेळ, आणि ती उरतच नाही. तिथं तिला सल्ला देऊन उपयोग नाही. संध्याकाळचा कुकर कोण लावणार, हे घरच्यांनी ठरवायचं.

तिसरा आठवडा आणि पावसाळा

बेत मोडतो तो दोन ठरलेल्या जागी. पहिली म्हणजे तिसरा आठवडा. सुरुवातीला दीड-दोन किलो झपकन उतरतात, कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणीही जातं. तिसऱ्या आठवड्यात हे थांबतं, काटा अडतो, माणूस खचतो. चरबी तेव्हाही जातच असते. म्हणून काटा आठवड्यातून एकदा, त्याच वारी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, आणि कंबर महिन्यातून एकदा. लोणचं-पापड जास्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी किलोभर चढलेलं दिसतं, ते पाणी असतं.

दुसरी जागा पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत साताऱ्यात सकाळी पाऊस कधी येईल नेम नाही, आणि सवय बसायला ‘21 दिवस’ लागतात हे खरं नाही. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवस निघाला, कोणाला 18 लागले, कोणाला 254 लागतील असा अंदाज आला. मात्र त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडली नाही. आपल्याकडे एक दिवस चुकला की “आता सोमवारपासून” असं होतं, खरं नुकसान तिथं होतं.

यावर सगळ्यांत स्वस्त उपाय कागदाचा आहे. 2002 साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांचे गट करून बघितलं. काहींना हृदयरोगाची माहिती देऊन समजावलं, काहींना त्याशिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं व्यायाम करणार एवढं लिहायला लावलं. नुसतं समजावलेल्यांपैकी 35 टक्क्यांनी आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला, लिहिलेल्यांपैकी 91 टक्क्यांनी. तेव्हा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दोन ओळी लिहा, आपल्या हातानं. “सोम, बुध, शुक्र, शनि सव्वासहाला, कोपऱ्यावर भेटून, ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत.” आणि खाली: “पाऊस असेल तर छत्री न शोधता, इमारतीचा जिना, पंधरा मिनिटं, खाली उतरताना कठड्याला हात.”